पाठदुखीबरोबर ताप असेल तर...

चाकणच्या कारखान्यात पाळीभर उभे राहणाऱ्याची किंवा भोसरीच्या खड्ड्यांतून रोज दुचाकी हाकणाऱ्याची पाठ दुखली, तर कुणालाच नवल वाटत नाही. मलम, पट्टा आणि वेदनाशामक गोळीवर वेळ निभावते. मात्र पाठदुखीबरोबर ताप येत असेल, पोटात खोलवर ठणका लागत असेल, तर एका दुर्मीळ पण जीवघेण्या आजाराचा विचार करायला हवा. तो म्हणजे जंतुसंसर्गामुळे महाधमनीला आलेला फुगवटा.

महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते; ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की तो फुगवटा. एरवी असे फुगवटे वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. संसर्गाचा फुगवटा मात्र काही दिवसांतही वाढून फुटू शकतो. स्टॅफिलोकोकस, साल्मोनेला यांसारखे जंतू रक्तात शिरतात, चरबी साचून खराब झालेल्या भिंतीत ठाण मांडतात आणि ती पोखरतात. उतारवयातील, धूम्रपान करणाऱ्या आणि मधुमेही व्यक्तींना धोका अधिक. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये याला ‘मायकोटिक’ हे नाव दिले. शब्द बुरशीची आठवण करून देतो, पण कारण बहुधा जिवाणूच असतात.

निदानात क्रम महत्त्वाचा. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे. आधीच कुठून तरी इंजेक्शन घेतलेले असेल, तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. कल्चरमध्ये काही आले नाही म्हणून संसर्ग नाही, असेही नाही. फुगवट्याचा आकार आणि भोवतीचा पू सीटी अँजिओग्राफीत दिसतो.

पिंपरीला प्रतिजैविकांची ओळख नवी नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये इथेच झाली. पण या आजारात नुसते औषध सहसा पुरत नाही. शिरेतून कित्येक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात, शिवाय सडलेला भाग काढून रक्ताला नवी वाट करून द्यावी लागते. मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांत, किंवा फुगवटा फुटला असताना, आतून स्टेंट-ग्राफ्ट बसवतात. मात्र संसर्ग झालेली भिंत तिथेच राहते, म्हणून पुढे दीर्घकाळ औषधे आणि तपासण्या सुटत नाहीत.

प्रत्येक पाठदुखीला घाबरायचे कारण नाही. पण ताप उतरत नसेल, विश्रांतीनेही दुखणे थांबत नसेल, पोटात धडधडणारी गाठ लागत असेल, तर रुग्णालय गाठावे. अचानक असह्य कळ येऊन घाम फुटला किंवा भोवळ आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे एका पाळीचाही उशीर परवडत नाही.