ऊन पाण्याच्या वाटेने

मंडणगडाहून उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांकडे सरळ गेलं तर अर्धा दिवस पुरतो. मी तीन दिवस घेतले, आणि तेही कमीच पडले.

पहिल्या दिवशी उलट्या दिशेला, बाणकोटला गेलो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. १७५५ मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हणू लागले. आज ते नाव कुणाच्या तोंडी नाही. बाणकोट बाणकोटच राहिलं. याच सावित्रीच्या काठी, वर महाडजवळ, सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. खाडीकाठी फेरीबोटीची वाट पाहताना तेच मनात घोळत होतं.

शेजारचं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने ग्रामस्थांना सोबत घेऊन इथे कासवांची अंडी राखली. त्याआधी ती चोरीला जात. वाळूच्या उबेवर दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. नर की मादी, हेही ती ऊबच ठरवते: वाळू अधिक तापली तर माद्या अधिक.

आंबडवेही मंडणगड तालुक्यातच. बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांचं सकपाळ घराणं गावावरून आंबडवेकर झालं. गाव लहान आहे. स्मारकापाशी निवांत बसावं. पुढे पालगडला साने गुरुजींचं घर. तिथेही घाई करू नये.

मला सगळ्यात जवळची वाटतात ती गरम पाण्याच्या गावांची नावं. ऊन म्हणजे गरम. आपण अजूनही ऊन ऊन भात म्हणतो. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे: तिन्ही नावांत तेच पाणी आहे. भूवैज्ञानिकांनी नकाशे काढण्याच्या कितीतरी आधी कोकणी माणसाने ही नोंद करून ठेवली. पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी असं पाणी वर येतं.

खाली ज्वालामुखी धगधगतोय, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इथला काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी त्या पाषाणाच्या भेगांतून खोल मुरतं. जमीन खोलवर उष्णच असते. तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेची वाट धरून वर येतं. वाटेत खडकातले क्षार सोबत घेतं.

उन्हवऱ्याचं पाणी या पट्ट्यातल्या सर्वांत उष्ण पाण्यांपैकी एक. झऱ्याच्या मुखाशी सत्तर अंशांच्या आसपास. तिथे हात घालायचा नाही. बायांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. गंधकाचा वास आधी नाकात शिरतो, मग त्याचं काही वाटेनासं होतं. आधी काठावर बसून नुसते तळपाय बुडवायचे, मग पोटऱ्या. अंगाला सवय होईल तसतसं पायरी-पायरीने खाली उतरायचं.