प्रथमावृत्ती, प्रत आणि ग्रंथस्वामी

ग्रंथसंग्राहक आणि वाङ्मयाभ्यासक यांच्यात एक जुना अविश्वास आहे. संग्राहक पुस्तक वाचत नाही, तो ते केवळ बाळगतो, असा अभ्यासकाचा आक्षेप असतो. तर अभ्यासकाला संहितेपलीकडची पुस्तक नावाची वस्तू दिसतच नाही, अशी संग्राहकाची तक्रार असते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही; परंतु तक्रारीत ते अधिक आहे. मराठीच्या अध्ययन-अध्यापनाची सारी भिस्त पुनर्मुद्रणांवर असते आणि पहिली आवृत्ती सूचीतील एका ओळीपुरती उरते.

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत ९ आणे. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्याची बाजू घेतली. त्यानंतर मात्र हा निबंध वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीआड गेला, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. मधल्या ९३ वर्षांत या कृतीचे अस्तित्व कोठेतरी शिल्लक राहिलेल्या जुन्या प्रतींवरच अवलंबून होते. आज स्त्रीवादी विचाराच्या कोणत्याही मराठी अभ्यासक्रमात ताराबाई अटळ आहेत. पण ती अटळता एखाद्या कपाटातील वाळवीच्या मर्जीवर टांगलेली होती, हे विसरले जाते. केवळ ५०० प्रती निघाल्या म्हणून पुस्तक हरवले, हा खुलासा पुरेसा नाही. त्या काळी लहान आवृत्त्या सर्रास निघत, आणि त्यांतील कितीतरी पुस्तके घराघरांतून जपली गेली. कोणाची पुस्तके जपण्याजोगी मानली गेली, हा प्रश्न येथे छपाईच्या आकड्याहून महत्त्वाचा ठरतो.

प्रत हाती येणे हे ताराबाईंचे भाग्य. फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला तेही आले नाही. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवरच आधारलेली होती. दरम्यान या पुराणाचे एक देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये पडून होते. ते विल्यम मार्सडेन या मलायी भाषेच्या अभ्यासकाच्या संग्रहातले. मार्सडेनने आपला संग्रह १८३५ साली किंग्ज कॉलेजला दिला आणि पुढे तो प्राच्यविद्येच्या तेथील नव्या संस्थेकडे आला. १९२३ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि हीच मूळ संहिता असल्याचे प्रतिपादन केले. हे मत सर्वमान्य झाले नाही. तरीही मराठीशी कोणताही विशेष संबंध नसलेल्या एका संग्राहकामुळे हा वाद शक्य झाला, ही गोष्ट संग्राहकाला नुसता हौशी समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

ग्रंथस्वामीचे महत्त्व जपणुकीपुरते नसते. वाचकाच्या खुणा असलेली प्रत हा त्याच्या विचारप्रक्रियेचा पुरावा होऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा संग्रह हे याचे ठळक उदाहरण. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी वेगळ्या बोटीने पाठविलेले ग्रंथ पाणतीराने बोट बुडाल्यामुळे नष्ट झाले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभारताना त्यांनी ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. त्यांच्या संग्रहातील पुष्कळ पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आली. त्यांत कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) हा ग्रंथ आहे आणि त्यावर बाबासाहेबांच्या खुणा आहेत. स्कॉट स्ट्राउड यांनी अलीकडे या खुणांचा बारकाईने अभ्यास केला आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लोकशाहीला शासनपद्धतीपेक्षा सहजीवनाची रीत मानणारे जे विवेचन येते, त्याचे ड्यूईशी असलेले नाते संहितेच्या तुलनेने दाखविता येतेच, मात्र वाचकाची पेन्सिल कोठे थांबली आणि कोणती प्रकरणे तिने ओलांडली, हे ती प्रतच सांगू शकते. अर्थात येथे सावधगिरी हवी. अधोरेखन म्हणजे सहमती नव्हे. शिवाय महाविद्यालयात आलेल्या पुस्तकावर नंतरच्या वाचकाचाही हात फिरलेला असू शकतो.

त्याच भाषणाची प्रथमावृत्तीही बोलकी आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले; १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींची ‘हरिजन’मधील टीका आणि तिला दिलेले उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाले. आजचा विद्यार्थी हे सारे एकाच बांधणीत वाचतो आणि मूळ भाषण गांधीजींना उद्देशून असल्याचा समज करून घेतो. पहिली आवृत्ती समोर असती तर हा समज टिकला नसता.

प्रथमावृत्तीचे माहात्म्य सर्वत्र सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. केशवसुत १९०५ साली वारले. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली काढला. म्हणजे या पुस्तकाच्या प्रथमावृत्तीवरून कवीची नजर फिरलेलीच नाही. येथे ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’ यांसारख्या नियतकालिकांचे अंक अधिक मोलाचे, आणि नेमके तेच रद्दीत आधी जातात. आपट्यांच्या स्वतःच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चेही तसेच: ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली कादंबरी पुस्तकरूपाने येण्यापूर्वीच वाचकांच्या घरी पोहोचली होती.

१८६७ पर्यंतच्या मुद्रितांना आपल्याकडे ‘दोलामुद्रिते’ म्हणून निदान स्वतंत्र कपाट लाभते. त्यानंतरच्या पुस्तकांना ते भाग्य नाही. अनेक ग्रंथालयांत पुनर्बांधणीच्या वेळी मूळ वेष्टन, मागील पानांवरील जाहिराती, किंमत आणि मालकाची स्वाक्षरी असलेले कोरे पान एकत्रच कापले जाते. एकाच पुस्तकाची दुसरी प्रत ‘जादा’ म्हणून निकालात निघते. तिच्या समासात कोणाचे अक्षर आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. दाखल-नोंदवहीत देणगीदाराच्या नावाचा रकाना बहुधा असतो. तो पुस्तकाच्या सूचिपत्रात मात्र उतरत नाही, त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाचा आयुष्यभराचा संग्रह ग्रंथालयात आल्यानंतर वर्गांकानुसार विखुरला जातो आणि पुन्हा कधीही एकत्र पाहता येत नाही.