आपला खुलासा सादर करावा

ग्राहकाची तक्रार आणि सहकाऱ्याची तक्रार यांत फरक असतो. ग्राहक तक्रार नोंदवून घरी जातो. फार तर पुढच्या वेळी दुसऱ्या खिडकीपाशी उभा राहतो. सहकारी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेजारच्याच टेबलावर येऊन बसतो. त्याच्याकडून व्हाउचर घ्यायचे असते, त्याच्या सहीखाली आपली सही करायची असते आणि डबा खायला त्याच लांब टेबलाशी जायचे असते. अशा माणसाने आपल्याविरुद्ध लेखी तक्रार केली आणि ‘सात दिवसांत आपला लेखी खुलासा सादर करावा’ असे पत्र हातात पडले, म्हणजे काय होते ते ज्याच्यावर गुदरले त्यालाच कळते.

बँकेतल्या माझ्या नोकरीची काही वर्षे प्रादेशिक कार्यालयाच्या कार्मिक विभागात गेली. तक्रारी आणि त्यांवरचे खुलासे यांची रोजची आवकजावक माझ्या टेबलावरून होत असे. पात्रे कुठून आणता, असे वाचक मला विचारतात. त्या फायलींतली माणसे कादंबरीत आणणे मी कटाक्षाने टाळले. पण माणूस दुखावला की कसा लिहितो, हे मात्र मी तिथे पाहिले.

पत्र मिळते ते बहुधा संध्याकाळी. (शनिवारी मिळाले तर रविवारही गेला.) घरी आल्यावर चहा गार होतो. बायको विचारते, ‘काय झाले?’ आधी ‘काही नाही’, मग दहा मिनिटांनी सगळे. आणि मग घर एकदिलाने उभे राहते. ‘त्याच्या लग्नाला आपण अहेर घेऊन गेलो होतो!’ ‘त्याची पहिल्यापासूनच लक्षणे ठीक नव्हती.’ मेव्हणे फोनवरून सल्ला देतात, ‘अशांना सोडायचे नसते.’ घरच्यांची ही माया खरी असते, मात्र त्यांनी तक्रारीचा कागद वाचलेला नसतो. त्यांना आपल्या माणसाचा उतरलेला चेहरा तेवढा दिसतो. जेवणे झाल्यावर माणूस टेबलाशी बसतो आणि खुलासा लिहू लागतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक वाईट खुलासे रात्री जेवणानंतर लिहिलेले असत. अक्षरावरूनच कळे.

त्यांचे ठरावीक प्रकार होते. पहिला प्रकार सेवेच्या इतिहासाचा. ‘गेल्या २६ वर्षांच्या माझ्या निष्कलंक सेवेत...’ अशी सुरुवात, पुढे मिळालेल्या प्रशस्तिपत्रांची यादी. तक्रार असे गेल्या मंगळवारची. दुसरा प्रकार इंग्रजीचा. एरवी मराठीत बोलणारा, मराठीत भांडणारा माणूस खुलाशापुरता शब्दकोश उघडून बसे आणि ‘बेसलेस’, ‘मोटिव्हेटेड’, ‘मॅलिशियस’ हे तीन शब्द एका ओळीत बसवी. तिसरा एका वाक्याचा: ‘सर्व आरोप अमान्य.’ आणि चौथा, सगळ्यांत जास्त आढळणारा, तक्रारदारावरच उलट तक्रारीचा. तो कसा वागतो, कधी येतो, कधी जातो, युनियनमध्ये कुणाच्या मागे फिरतो, कर्ज किती, सासुरवाडी कुठली. एवढे सगळे वाचून झाले तरी त्या मंगळवारी काय घडले ते कळतच नसे.

एक प्रकरण सांगतो. १९९७ च्या सुमाराचे. मी तोवर कार्मिक विभागातून शाखेत परतलो होतो आणि त्या चौकशीशी माझा काही संबंध नव्हता. तालुक्याच्या एका गावातल्या शाखेत माझे एक जुने स्नेही अकौंटंट होते. अकौंटंट म्हणजे तेव्हा शाखेतला दोन नंबरचा अधिकारी. कुणी कुठल्या काउंटरवर बसायचे, कुणाला रजा द्यायची हे पाहणारा. पन्नाशी उलटलेले, कामाला वाघ आणि आवाजालाही. त्यांच्या हाताखालच्या एका तरुण लिपिकाने वरच्या कार्यालयाला तक्रार पाठवली होती. मुद्दे तीनच. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या गर्दीच्या दिवसांत, सेव्हिंगच्या काउंटरवर मलाच बसवतात. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मागितलेली रजा कारण न देता नामंजूर केली. आणि अमुक तारखेला, ग्राहकांसमोर, ‘जमत नसेल तर घरी बसा’ असे ओरडून सांगितले.

अकौंटंट रविवारी माझ्याकडे आले, बरोबर वहिनी. पिशवीतून त्यांनी खुलाशाचा कच्चा मसुदा काढला. फुलस्केप अकरा पाने. पहिली दोन त्यांच्या स्वतःच्या सेवेबद्दल. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत त्या मुलाबद्दल: एस.टी. चुकल्याने तो उशिरा आलेल्या दिवसांची तारीखवार यादी, डब्याला लावलेला वेळ, टेबलाखाली वाचलेले मासिक. रजेबद्दल अर्धी ओळ: ‘कार्यालयीन निकड.’ ओरडण्याबद्दल: ‘असा कोणताही प्रकार घडलेला नाही.’

मी त्यांना कोरा कागद दिला आणि मधोमध उभी रेघ मारायला सांगितले. डावीकडे तक्रारीतले एकेक वाक्य, जसेच्या तसे उतरवायचे. उजवीकडे फक्त दोन गोष्टी: हे घडले का, आणि त्याला कागद कोणता. विशेषणे दोन्हीकडे नकोत. आधी त्यांना ते पोरकटपणाचे वाटले. पण बँकेतल्या माणसाला खतावणीची सवय असते. डावी-उजवी बाजू दिसली की हात आपोआप चालू लागतो.

काउंटरचा मुद्दा त्यांनी फेटाळूनच लावला होता. ड्यूटीची वही त्यांनी बरोबर आणली नव्हती, पण आठवून महिने मोजू लागले तेव्हा सहांपैकी चार महिने तो मुलगाच निघाला. ते स्वतःच गप्प झाले. मग म्हणाले, ‘अहो, त्याचा हात जलद आहे. त्याचे लेजर चुकत नाही. पेन्शनर म्हातारी माणसे, त्यांना किती वेळ उभे करायचे?’ मी विचारले, ‘हे त्याला कधी सांगितलेत?’ नव्हते सांगितले. म्हणजे जे साहेबांच्या मनात कौतुक होते ते त्या मुलाला सहा महिने शिक्षा वाटत होते. आमच्या पिढीतल्या वरिष्ठांना तोंडावर शाबासकी देणे म्हणजे माणूस बिघडवणे वाटे. तिची ही किंमत.

रजेबाबत त्यांची बाजू भक्कम होती. त्या आठवड्यात आधीच दोघे रजेवर होते, रजेच्या रजिस्टरात तशी नोंद होती. तिसऱ्याला सोडले असते तर एक काउंटर बंद ठेवावे लागले असते. मात्र अर्जावर त्यांनी लाल शाईत एकच शब्द लिहिला होता: ‘नामंजूर’. कारण रजिस्टरात राहिले आणि मुलाच्या हातात तेवढा शब्द आला.

राहिले ओरडणे. तिथे गाडी अडली. ‘घडलेच नाही असेच लिहायचे,’ ते म्हणाले. ‘एकदा कबूल केले की संपले.’ चार ग्राहक होते, शिपाई होता, पण त्यांतले कोण बोलायला जाणार, असा त्यांचा हिशेब. वहिनी तोवर आमच्या हिच्याशी बोलत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘तुमचा आवाज चढतो हे आपल्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. बँकेला ठाऊक नसेल?’

दुपारपर्यंत खुलासा दोन पानांवर आला. त्यातला तिसरा परिच्छेद मला अजून बराचसा आठवतो. त्या दिवशी माझा आवाज चढला हे खरे आहे. ‘घरी बसा’ असे शब्द मी वापरले नाहीत; ‘जमत नसेल तर तसे सांगा’ असे म्हणालो. मात्र तेही ग्राहकांसमोर बोलायला नको होते. बस, एवढेच. जे घडले ते मान्य, जे घडले नाही ते अमान्य, आणि कुठेही ‘पण हा मुलगा’ नाही. ती मधली सात पाने त्यांनी घडी घालून परत पिशवीत ठेवली. फाडली नाहीत.

इथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. मोठ्या मनाने सगळे कबूल करावे, असे मी मुळीच सुचवत नाही. खुलासा म्हणजे दप्तरी राहणारा कागद आहे. ‘मिटवून टाका, दोन ओळी माफीच्या लिहून द्या’ या व्यवस्थापकाच्या शब्दाखातर न केलेल्या गोष्टीबद्दल दिलगिरी लिहून देणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे बढतीच्या वेळी त्याच दोन ओळी फायलीतून वर आल्या. आणि ज्या तक्रारीत पैशांच्या अफरातफरीचा किंवा शिस्तभंगाचा वास आहे, तिला उत्तर देण्यापूर्वी संघटनेच्या जाणत्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला कागद दाखवलाच पाहिजे. तक्रार खोटी असेल तर रागावण्यापेक्षा तारखा आणि कागद गोळा करणे अधिक उपयोगी पडते. त्या दिवशी आपण दुसऱ्या गावी होतो हे प्रवासभत्त्याचे बिल जितके ठणकावून सांगते तितके आपल्याला सांगता येत नाही.

आपले हक्क मात्र माहीत असावेत. तक्रारीची प्रत मागणे हा उद्धटपणा नव्हे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नको आणि ज्याचा प्रकरणात हितसंबंध आहे त्याने न्यायाला बसू नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे तक्रारदाराइतकीच आपल्यासाठीही आहेत. शिस्तभंगाच्या खातेनिहाय चौकशीत चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत अंतिम निर्णयापूर्वी कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये सांगितले. साध्या गाऱ्हाण्यांसाठी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान हवेत, आणि काम ३० दिवसांत उरकावे, असे ती म्हणते.

लैंगिक छळाच्या तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. २०१३ चा कायदा आणि त्याचे नियम यांप्रमाणे अंतर्गत समितीकडून तक्रारीची प्रत मिळाल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत, कागदपत्रांच्या आणि साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यावे लागते. समितीपुढे आपल्या वतीने वकील उभा करता येत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती दुष्टबुद्धीची ठरत नाही, हेही त्या कायद्यात स्पष्ट आहे. आणि त्यातली गुप्तता खरोखरच पाळायची असते, तक्रारदार बाईंचे नाव घरीसुद्धा नाही. मेव्हण्यांना तर नाहीच.

आता ‘आपण सगळे एका कुटुंबातले’ या वाक्याबद्दल. तक्रार आली की केबिनमध्ये चहा मागवला जातो आणि हे वाक्य म्हटले जाते. मला ते कधीच आवडले नाही. कुटुंबात रजेचा अर्ज करावा लागत नाही. बहुतेक वेळा हे वाक्य तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी म्हणून असते. त्याने वरिष्ठांविरुद्ध तोंड उघडले हाच गुन्हा, असे त्यात सुचवलेले असते. वास्तविक आपला माणूस सहजासहजी लेखी तक्रार करत नाही. तो आधी बोलून पाहतो, मग दुसऱ्याकरवी सांगून पाहतो, मग काही दिवस अबोला धरतो. कागदावर येतो तो त्यानंतर. म्हणून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराच्या घरी जाऊन बसू नये, मध्यस्थ पाठवू नयेत, आणि ‘साहेब फार चांगले आहेत’ अशा निवेदनावर शाखेत सह्या गोळा करत हिंडू नये. हल्ली ते काम व्हॉट्सअॅपच्या गटावर होते. सह्यांचा कागद निदान फाडता येई.

मधल्या दिवसांचे काय करायचे, हे कुठल्याच नियमात नाही. खुलासा गेलेला असतो, निर्णय आलेला नसतो, आणि टेबले तिथेच असतात. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत हा काळ दोन महिन्यांच्या आसपास गेला. ‘मी आता त्याच्याशी बोलणारच नाही,’ असे ते म्हणत होते. पण बँकेत न बोलता दिवस भरत नाही. शिल्लक जुळली नाही की बोलावेच लागते. ते रोज सकाळी ठरवून ‘नमस्कार’ म्हणू लागले. मुलगा कधी उत्तर देई, कधी मान हलवी. काम नेहमीसारखे द्यायचे, जास्त नाही आणि कमी तर नाहीच, एवढे त्यांनी पाळले. एकदा त्याचे लेजर खरोखरच चुकले. पूर्वी हॉलभर ऐकू गेले असते. त्या दिवशी त्यांनी शिपायाकरवी त्याला आत बोलावले.

वरून निर्णय आला. काउंटरची पाळी महिनाभर आधी फलकावर लावावी, रजा नाकारल्यास कारण लिहावे, आणि अकौंटंटांना तोंडी समज. बदली दोघांचीही झाली नाही. समज मिळाली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘आईचे ऑपरेशन झाले का, हे त्याला मी विचारलेच नव्हते हो.’ झाले होते. शेजाऱ्याने नेऊन आणले होते.

त्या दोघांची मैत्री वगैरे झाली नाही. वर्ष-सव्वा वर्ष एकाच हॉलमध्ये त्यांनी काम केले, मग अकौंटंट बढतीवर दुसरीकडे गेले. मधे एकदा त्या शाखेत मी गेलो असताना टेबलावर त्याच मुलाचा रजेचा अर्ज पडला होता. त्यावर, लाल शाईतच पण मराठीत चांगल्या दोन ओळी होत्या: ‘या तारखांना दोघे आधीच रजेवर. १४ पासून घेतल्यास हरकत नाही, कृपया कळवावे.’ खाली मुलाची सही आणि ‘१४ चालेल.’