पारदर्शक चित्र काळे का होते?

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ साली ध्वनि-प्रकाशाचा खेळ सुरू झाला. २०२३ साली सुरू झालेल्या ‘जय हिंद’ या नव्या खेळात तेथील भिंतींवर हलती चित्रेही उमटू लागली. अशा चित्रांत पुष्कळदा अनेक थर असतात: खाली देखावा, त्यावर माणसे, त्याहीवर धूर. माणसाभोवतीची जागा पारदर्शक असेल तरच खालचा देखावा दिसतो. ऐन खेळाच्या वेळी ती जागा काळी झाली, तर सगळी रचनाच झाकली जाते. हा दोष कोठे उद्भवतो, ते आपण पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळे म्हणजे पारदर्शक नव्हे. काळ्या जागी प्रक्षेपक प्रकाश जवळजवळ टाकतच नाही, म्हणून तेथे भिंत जशीच्या तशी दिसते. दादासाहेब फाळके यांनी वापरलेले दुहेरी चित्रणही याच तत्त्वावर चाले. काळ्या पार्श्वभूमीचा भाग फिल्मवर उमटत नसे. फिल्म मागे फिरवून त्याच भागावर दुसरे चित्र घेता येई. संगणकाच्या लेखी मात्र काळा हाही एक रंग आहे, आणि तो खालच्या रंगास झाकतो. म्हणूनच एकटा थर भिंतीवर पाहिल्यास दोष ध्यानात येत नाही. त्याखाली दुसरा थर येताच तो उघडा पडतो.

संगणक प्रत्येक चित्रबिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे ठेवतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी त्यांना चौथ्या आकड्याची जोड दिली. त्यास अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे पूर्ण अपारदर्शक.

‘टचडिझायनर’सारख्या साधनात पडद्यावरील चौकटी तारांनी जोडून आज्ञावली रचतात. दोष शोधताना पहिल्या चौकटीपासून तारेच्या मागोमाग जावे आणि प्रत्येक टप्प्यावर चित्राखाली भडक रंग ठेवून पाहावे. पहिल्याच चौकटीत तो रंग दिसला नाही, तर बहुधा दोष फाइलीत आहे. नित्याच्या वापरातील एच.२६४ पद्धतीत अल्फा साठवला जात नाही. मूळ चित्रावरून ‘प्रोरेस ४४४४’ किंवा ‘हॅप अल्फा’ या पद्धतीने फाइल पुन्हा तयार करावी लागते. फाइल ठीक असेल, तर मधली एखादी चौकट तीनच आकडे पुढे पाठवीत असेल, अथवा शेवटच्या चौकटीत थरांचा क्रम उलटा लागला असेल.

आकृतीच्या कडेभोवती काळसर रेघ दिसल्यास कारण निराळे असते. समजा, कडेवरील तांबड्याचा आकडा २०० आणि अल्फा अर्धा आहे. काही फाइलींत हा गुणाकार आधीच करून १०० साठवलेला असतो. चौकटीने तो पुन्हा केला, तर ५० उरतात आणि कड काळवंडते. उलट, गुणाकार मुळीच झाला नाही, तर कड अवाजवी उजळ दिसते. फाइल व चौकट यांचा संकेत एकच ठेवणे, हा त्यावर उपाय होय.

ही तपासणी प्रेक्षक येण्यापूर्वीच करावी, आणि तीही भिंतीवर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर. भिंत हा दोष झाकून घेते.