मुक्या यंत्राची साक्ष

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागराच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या. अनेक ठिकाणी दूरध्वनी बंद पडले. त्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद व त्यांचे सहकारी आपली हौशी बिनतारी यंत्रे घेऊन पोर्ट ब्लेअर येथे आलेले होते. देशोदेशींच्या हौशी मंडळींशी संभाषण करावे, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु संकट कोसळताच छंदासाठी आणलेली तीच यंत्रे लोकांच्या उपयोगी पडली. बेटांवरील माणसांची खुशाली दूरच्या आप्तांना कळवण्याचे काम या मंडळींनी केले.

बिनतारी यंत्र बाळगणाऱ्याला म्हणूनच केवळ बोलता येऊन भागत नाही; यंत्र मुके झाले, तर त्याची वाचा परत आणण्याची कलाही त्याला अवगत असावी लागते. ही कला शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे यंत्र स्वतःच्या हाताने जोडणे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या यंत्राची रचना याच हेतूने केली. हौशी माणसाला घरी जोडता यावे, असे हे यंत्र देशोदेशी प्रसिद्ध झाले.

अशा यंत्राच्या गाभ्याशी असतो आंदोलक. झोपाळा जसा ठरावीक गतीने मागेपुढे होतो, तसा आंदोलकातील विद्युत्प्रवाह ठरावीक गतीने मागेपुढे होत राहतो. मात्र ही गती सेकंदाला लाखो कंपनांची असते. दुरून आलेली लहर सेकंदाला ७० लाख कंपनांची, म्हणजे ७ मेगाहर्ट्झची असली, तर ती कानाला ऐकू येणे शक्य नाही. परंतु यंत्रातील आंदोलक ७० लाख १ हजार कंपने निर्माण करू लागला आणि या दोहोंचे मिश्रण केले, की त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे १ हजार कंपनांची नवी लहर निर्माण होते. ती मात्र कानाला शिटीसारखी स्पष्ट ऐकू येते. आंदोलक थांबला, की सारे यंत्र मुके होते. आणि तो चुकीच्या गतीने चालला, तर यंत्र भलतेच काही ऐकू लागते.

पूर्वी आंदोलकासाठी तारेची वेटोळी वापरीत. पण ती तापली, की कंपनसंख्या सरकत असे. आता हे काम ‘एसआय ५३५१’ नावाची एक इवलीशी चिप करते. तिचे अंग जेमतेम ३ मिलिमीटर लांबरुंद असते आणि पाय असतात दहा. तिच्या शेजारी गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक बसवलेला असतो. तो सामान्यतः २५ किंवा २७ मेगाहर्ट्झने कंप पावतो. चिप या कंपनांचा प्रथम गुणाकार करते व मग भागाकार करते. २५ ला २८ ने गुणले, की ७०० होतात. ७०० ला १०० ने भागले, की ७ उरतात. अशा रीतीने एकाच स्फटिकापासून हव्या त्या कंपनसंख्या मिळवता येतात.

मात्र ही चिप मोठी विसराळू आहे. वीज बंद होताच कशाने गुणायचे व कशाने भागायचे, हे ती विसरून जाते. म्हणून यंत्र सुरू होताच दर वेळी तिला नव्याने आज्ञा द्याव्या लागतात. त्या देणारा धनी म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, आणि त्याच्या स्मृतीत कायम वसलेला आज्ञांचा संच म्हणजे फर्मवेअर. हे दोघे केवळ दोन तारांवरून बोलतात. एका तारेवरून संदेश जातो व दुसरीवरून ताल दिला जातो. एकाच जोडीवर अनेक चिपा बसवता येत असल्यामुळे प्रत्येकीला एकेक क्रमांक असतो. धनी प्रथम क्रमांक पुकारतो. त्या क्रमांकाची चिप तार क्षणभर खाली खेचून ‘हजर’ म्हणते, आणि मगच आज्ञा पुढे जातात.

समजा, एका मुलीने आपल्या काकांच्या मदतीने असे ग्राहक यंत्र जोडले आहे. काकांपाशी हौशी बिनतारीचा सरकारी परवाना आहे. यंत्र सुरू केले, पडद्यावर ७ मेगाहर्ट्झ हा आकडाही झळकला. पण कर्ण्यातून मंद खरखरीपलीकडे काही ऐकू येईना. मुलीने तर्क केला, की चिपच जळाली असावी. ती उपटण्यासाठी तिने तापलेली डाखणी हातात घेतली.

“थांब,” काका म्हणाले, “चिपला दोषी ठरवण्याआधी तिची साक्ष तर घे.”

“पण काका, पडद्यावर आकडा दिसतो आहे. म्हणजे बाकी सारे ठीकच असणार ना?”

“तो आकडा म्हणजे मागणी आहे, पोरी, प्राप्ती नव्हे. मी दुकानदाराला चिठ्ठी पाठवली, एवढ्याने घरात साखर येत नाही.”

काकांचे म्हणणे योग्य होते. पडद्यावरील आकडा सूक्ष्मनियंत्रक लिहितो. चिप प्रत्यक्षात काय करते, याची त्याला वार्ताही नसते. शिवाय अर्ध्या मिलिमीटर अंतरावरचे ते पाय उपटताना पाटीवरील तांब्याच्या रेषा निघाल्या असत्या आणि सुधारण्याजोगे यंत्र कायमचे निकामी झाले असते.

मग शोध क्रमाने सुरू झाला. पहिला प्रश्न विजेचा. मल्टिमीटर लावून पाहिले, तो चिपला हवा तसा ३.३ व्होल्ट दाब मिळत होता. दुसरा प्रश्न दोन तारांचा. काही बोलणे चालू नसताना या दोन्ही तारा वरच्या दाबावर असल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येकीला एक रोधक जोडलेला असतो. येथे एक तार ठीक होती, पण दुसरीवर दाब जवळजवळ नव्हताच. भिंगातून पाहताच तिच्या रोधकाचा डाख मंद व खडबडीत दिसला. कथील वितळले होते, पण धातूला नीट बिलगले नव्हते. डाख पुन्हा देताच दाब ठीक झाला. तरीही यंत्र मुकेच राहिले.

पुष्कळ माणसे येथेच धीर सोडतात. दोष काढला आणि गुण आला नाही, म्हणजे आपली दिशाच चुकली, असे त्यांना वाटते. वास्तविक एका दोषामागे दुसरा दोष दडून बसलेला असू शकतो.

तिसरा प्रश्न खुद्द चिपला विचारायचा होता. सूक्ष्मनियंत्रकात एक छोटी आज्ञावली भरण्यात आली. शिक्षक वर्गात हजेरी घेतात, त्याप्रमाणे ती एकेक क्रमांक पुकारीत जाते व कोण ‘हजर’ म्हणते ते नोंदते. या जातीच्या चिपांचा क्रमांक बहुधा ९६ असतो आणि फर्मवेअर तोच क्रमांक पुकारीत होते. पण ९६ ला उत्तर आले नाही. ९८ ला आले. काही चिपांचा क्रमांक असा निराळा असतो. चिप जिवंत होती. तिला भलत्याच नावाने हाका मारल्या जात होत्या. फर्मवेअरमध्ये तेवढा एक आकडा बदलताच आंदोलक चालू झाला.

परंतु ७ मेगाहर्ट्झवर अपेक्षित केंद्रे सापडेनात. काकांनी आपल्या जुन्या, खात्रीच्या ग्राहक यंत्रावर या आंदोलकाचा सूर शोधला, तो ७.५६ मेगाहर्ट्झवर मिळाला. मुलीने वहीत आकडेमोड केली. ७५६ ला २८ ने भागले, तो उत्तर आले २७! स्फटिकाच्या डबीवर भिंग धरले, तेव्हा तिच्यावर २७ हाच अंक कोरलेला दिसला. फर्मवेअर मात्र तो २५ चा आहे, असे धरून चालले होते. दोष ना चिपचा, ना स्फटिकाचा. दोष समजुतीचा होता. तीही दुरुस्त झाली.

आता उरली थोडी कसर. कोणताही स्फटिक अगदी तंतोतंत नसतो. लाखामागे एका कंपनाची चूक असली, तरी ७ मेगाहर्ट्झवर ७० कंपनांचा फरक पडतो आणि ऐकू येणारा सूर तेवढा सरकतो. काकांच्या यंत्राशी ताडून ही चूक मोजण्यात आली आणि ती फर्मवेअरमध्ये नोंदवण्यात आली. स्फटिक बदलला नाही. त्याचा स्वभाव ओळखून हिशेब बदलला. सायंकाळी कर्ण्यातून दूरच्या कोणाची तरी हाक स्पष्ट उमटली.

या शोधात मुलीने दर वेळी एकच गोष्ट बदलली व तिचा परिणाम वहीत लिहिला. एकदम चार गोष्टी बदलल्या असत्या, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळले नसते, आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारातच चाचपडावे लागले असते. मुके यंत्र खोटे बोलत नाही. योग्य क्रमाने प्रश्न विचारले, की ते आपला दोष स्वतःच सांगते. संकटाच्या वेळी ज्याच्या यंत्राकडे गावाचे कान लागतील, त्याने प्रश्न विचारण्याची ही रीत शांततेच्या काळातच शिकून ठेवली पाहिजे.