दुर्बिणीतून सुरुवात, पण पोट उघडावे लागले तर?

'दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, तासाभरात होईल,' असे सांगून रुग्णाला आत नेलेले असते. दोन तास होत येतात. मग सर्जन बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, 'पोट उघडावे लागेल.' बाहेर बसलेल्यांच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आत काहीतरी बिघडले. बहुतेक वेळा खरी गोष्ट उलट असते. काही बिघडू नये, म्हणूनच तो निर्णय घेतलेला असतो.

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली छोटी पिशवी. तिच्यात जेमतेम 30 ते 50 मिलीलिटर पित्तरस मावतो. पित्तरस तयार होतो यकृतात. पिशवी तो फक्त साठवते. म्हणून ती काढली तरी पचन चालू राहते. नुसते खडे काढून पिशवी ठेवली, तर खडे पुन्हा होतात. त्यामुळे त्रास देणाऱ्या खड्यांवर पिशवीच काढणे हा खात्रीचा उपाय ठरला आहे.

आपल्याकडे घोटाळा होतो तो 'पित्त' या शब्दामुळे. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, ती पाठीत, खांद्यापर्यंत जाते, मळमळते. घरात म्हणतात, 'पित्त झालंय.' आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने जातात. तोवर पिशवीला वारंवार सूज येते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होत जाते.

चार छिद्रांची शस्त्रक्रिया

बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले, ते पोट उघडून. पुढे शंभर वर्षे हीच रीत होती. जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये ते दुर्बिणीतून काढले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये भारतात ही पद्धत आणली.

पूर्ण भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते. बेंबीजवळच्या छिद्रातून कॅमेरा आणि साधारण तीन छिद्रांतून बारीक उपकरणे आत जातात. पिशवी सुटी करून बहुधा बेंबीतूनच बाहेर काढतात. रुग्ण बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

नाजूक जागा कोणती?

पिशवीची स्वतःची एक छोटी नळी असते आणि एक रक्तवाहिनी. या दोन्हींना क्लिप लावून त्या कापायच्या असतात. पण यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका अगदी शेजारून जाते. तिला छोटी नळी समजून कापले, तर कावीळ, जंतुसंसर्ग, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया असे दुष्टचक्र सुरू होऊ शकते. म्हणून पिशवीत दोनच गोष्टी शिरताना स्पष्ट दिसत नाहीत, तोवर काहीही कापायचे नाही, असा सर्जनांचा दंडक आहे.

तीव्र सूज असली, आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असली किंवा अडकलेल्या खड्याने मुख्य नलिकाच ओढली गेली असली, की सगळे एकमेकांत मिसळलेले दिसते. कधी रक्तस्राव आटोक्यात येत नाही, कधी कर्करोगाची शंका येते, कधी वायूचा दाब रुग्णाच्या हृदयाला किंवा फुप्फुसांना सोसत नाही. अशा वेळी दुर्बीण थांबवून उजव्या बरगडीखाली छेद घेतला जातो. नियोजित शस्त्रक्रियांत शंभरातल्या साधारण पाच किंवा त्याहून कमी रुग्णांवर ही वेळ येते. तीव्र सूज असताना हे प्रमाण वाढते. पुरुष, वयस्कर व्यक्ती, मधुमेही आणि पिशवीची भिंत जाड झालेले रुग्ण यांत शक्यता अधिक असते.

पोट उघडल्यावरही सूज नाहीशी होत नाही. त्यामुळे कधी कधी पिशवीचा नलिकेजवळचा भाग तसाच ठेवून उरलेली पिशवी काढली जाते. हे काम दुर्बिणीतूनही करता येते. संपूर्ण पिशवी काढण्याच्या हट्टापेक्षा मुख्य नलिका सुरक्षित राहणे महत्त्वाचे.

आधीच विचारावे असे काही

मोठ्या छेदाची किंमत असतेच. दुखणे जास्त, रुग्णालयात काही दिवस अधिक आणि कामावर परतायला एक-दोन आठवड्यांऐवजी चार ते सहा आठवडे. हातावर पोट असलेल्या घरात हा फरक लहान नाही. म्हणूनच ही शक्यता संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावी. 'माझ्या बाबतीत पोट उघडावे लागण्याची शक्यता किती? तसे झाले तर खर्च आणि मुक्काम किती वाढेल?' हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. आधीची ऑपरेशने, पूर्वीची कावीळ, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती लपवू नये.

शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने झाली, तरी घरी गेल्यावर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत उलट्या किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छेद लहान की मोठा, हे काही वर्षांनी फारसे आठवतही नाही. मुख्य नलिकेला झालेली इजा मात्र जन्मभर पाठ सोडत नाही. वेळेवर दुर्बीण बाजूला ठेवणारा सर्जन रुग्णाला त्यापासूनच वाचवत असतो.