मोटारीवरील जुने पट्टे काढताना रंग कसा वाचवावा?

नवी दिल्लीच्या नैऋत्य भागातील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. रामकृष्ण परमहंस यांचे नाव असलेल्या या वसाहतीत नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही राहत आली आहेत. जुन्या सरकारी निवासस्थानांना बंदिस्त गॅरेज क्वचितच असते. त्यामुळे येथील अनेक मोटारी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असतात. अशा मोटारींच्या दारांवर आणि बॉनेटवर लावलेले व्हाइनिलचे शोभेचे पट्टे काही वर्षांत तडकतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि भेगांमध्ये धूळ साचून पट्टा काळपट दिसू लागतो.

बदली किंवा निवृत्तीच्या वेळी मोटार विकायची असो वा गावाकडे न्यायची असो, हे पट्टे काढण्याचा विचार होतोच. मात्र घाईने ब्लेड चालवल्यास अर्ध्या तासात रंगाचे जे नुकसान होते, ते पॉलिशने भरून निघत नाही. रंग निघालेल्या जागी पत्रा उघडा पडतो आणि पावसाळ्यात तेथे गंज धरतो. पट्टा काढण्याचा खर्च अल्प असला, तरी दाराचा संपूर्ण पत्रा पुन्हा रंगवण्याचा खर्च मोठा असतो. म्हणूनच पट्टा कसा काढावा, याइतकेच तो का निघत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

पट्टा का तडकतो?

व्हाइनिल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी. हे प्लास्टिक मुळात कडक असते. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळून ते लवचीक केले. या द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. पट्ट्याची लवचिकता या द्रव्यांवरच अवलंबून असते.

उन्हाने तापलेल्या पत्र्यावर हे द्रव्य हळूहळू उडून जाते, तर काही अंश खालच्या गोंदात उतरतो. दुसरीकडे, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पीव्हीसीच्या रेणूंची साखळी मोडतात. परिणामी पट्टा पिवळसर पडतो, आक्रसतो आणि ठिसूळ होतो. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. हे सावलीतील हवेचे तापमान असते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या मोटारीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो.

पट्ट्याच्या प्रतीनुसारही फरक पडतो. रुळांमधून दाबून तयार केलेली स्वस्त फिल्म जाड असते आणि तिच्यात ताण राहून गेलेला असल्याने ती लवकर आक्रसते. द्रवरूपात ओतून तयार केलेली फिल्म पातळ, सुमारे ५० मायक्रॉन जाडीची असते व अधिक वर्षे टिकते. बॉनेट व छतावर ऊन थेट पडत असल्याने तेथील पट्टे दारांवरील पट्ट्यांपेक्षा आधी खराब होतात.

फिल्म कमकुवत होत असताना गोंद मात्र रंगाला अधिक घट्ट धरत जातो, ही खरी अडचण आहे. पट्ट्याची ओढ सहन करण्याची शक्ती गोंदाच्या पकडीपेक्षा कमी झाली, की पट्टा सलग निघत नाही. त्याचे नखाएवढे तुकडे पडतात.

काचेची रीत रंगाला चालत नाही

फिल्म खरवडण्याचा अनुभव दिल्लीकरांनी एकदा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अभिषेक गोयंका यांच्या याचिकेवर आदेश दिला आणि ४ मे २०१२ पासून अशा फिल्मच्या वापरावर बंदी आली. त्यानंतर अनेक वाहनधारकांनी फिल्म काढून घेतल्या. पुढच्या व बाजूच्या काचांवर साबणाचे पाणी आणि धारदार पाते यांनी हे काम होते, कारण काच पोलादी पात्याला दाद देत नाही. मागील काचेवर उष्णतेच्या बारीक तारा असतील, तर तेथेही पाते घातक ठरते.

रंगाची गोष्ट निराळी आहे. मोटारीच्या पत्र्यावरील सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकी असते. त्यात गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट यांचा समावेश असतो. चमक देणारा हा क्लिअर कोट केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. पात्याचा एक तिरका फटकाही तो भेदून जाण्यास पुरेसा असतो. जुन्या, साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या अनेक गाड्यांवर तर क्लिअर कोट नसतोच. तेथे पाते थेट रंगावरच चालते.

आधी तपासणी

कामास आरंभ करण्यापूर्वी पट्ट्याखालील रंग कारखान्यातील मूळ आहे की नंतर दिलेला, हे पाहावे. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का केला जातो. गॅरेजमध्ये पुट्टी भरून दिलेल्या रंगाची पत्र्यावरील पकड तुलनेने कमी असू शकते आणि पट्ट्याबरोबर रंगाचा पापुद्राही उचलला जाऊ शकतो. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असणे, शेजारच्या दोन पत्र्यांच्या छटेत फरक दिसणे ही पुन्हा रंग दिल्याची चिन्हे आहेत. शंका असल्यास रंगाची जाडी मोजणारे उपकरण असलेल्या गॅरेजमध्ये खात्री करून घेता येते.

कोणता पट्टा काढायचा नाही, हेही ठाऊक असले पाहिजे. व्यावसायिक वाहनांवरील प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या नियमानुसार सुरक्षिततेसाठी लावलेल्या असतात. दिल्ली व राजधानी परिसरात इंधनाचा प्रकार दर्शविणाऱ्या रंगीत होलोग्राम स्टिकरची योजना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य केली. पुढील काचेवरील हे स्टिकर पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळे, तर डिझेलसाठी नारिंगी असते. सफाईच्या भरात तेही खरवडले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

ऊब, कोन आणि संयम

पट्टा काढण्याची सुरक्षित पद्धत साधी आहे. ती वेळखाऊ मात्र आहे. प्रथम मोटार साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावी. पृष्ठभागावर राहिलेला धुळीचा कण रंगावर ओरखडे पाडतो.

त्यानंतर सावलीत केस वाळवण्याच्या यंत्राने, म्हणजे हेअर ड्रायरने, पट्ट्याचा हातभर भाग गरम करावा. पत्र्याला हात क्षणभर लावता यावा, पण फार वेळ ठेवता येऊ नये, इतकी ऊब पुरेशी असते. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि फिल्मला थोडी लवचिकता परत मिळते. कारागिरांकडील हीट गनमधून काहीशे अंश तापमानाची हवा निघते. ती एका जागी धरल्यास रंगाला फोड येतात आणि प्लास्टिकचे बंपर वाकडे होतात. ती वापरायचीच असेल, तर अंतर राखून सतत फिरवत ठेवावी.

ऊब मिळाल्यावर पट्ट्याचे टोक नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलावे. ते सरळ बाहेर न ओढता मागे दुमडून, पत्र्याच्या जवळून, सावकाश ओढावे. काटकोनात झटका दिल्यास रंगावर ताण येतो आणि फिल्मही तुटते. पट्टा तुटला की थांबावे, पुन्हा ऊब द्यावी आणि नव्या कडेपासून सुरुवात करावी. फारच तडकलेल्या पट्ट्याच्या बाबतीत एका बाजूलाच काही तास लागू शकतात.

ड्रिल यंत्राला जोडायचे रबरी चाकही बाजारात मिळते. ते खोडरबराप्रमाणे फिल्म व गोंद दोन्ही घासून काढते. चाकाची गती कमी ठेवणे आणि ते एका जागी न थांबवणे आवश्यक असते, अन्यथा घर्षणाच्या उष्णतेने रंग जळतो. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर हे चाक टाळलेले बरे.

या कामाला ऋतूही साथ देणारा हवा. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत फिल्म काचेसारखी फुटते, तर मे-जूनमध्ये गोंद इतका पातळ होतो की तो तारा सुटून रंगावरच राहतो. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने त्या मानाने सोयीचे ठरतात.

टर्पेंटाइन आणि थिनर यांत गल्लत नको

फिल्म निघाल्यावर उरलेला गोंद पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन मऊ कापडावर घेऊन वापरता येते. आधी दाराच्या आतील कडेवर, सहज न दिसणाऱ्या जागी, चाचणी घ्यावी. द्रव काही क्षण मुरू द्यावा, मग हलक्या हाताने पुसावे आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवावे.

त्याच दुकानात मिळणारे थिनर मात्र निराळे असते. त्यातील तीव्र द्रावके नंतर दिलेला रंग विरघळवू शकतात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील ॲसिटोनही तसेच घातक असते. पेट्रोलचा वापर तर आगीच्या भीतीने पूर्णपणे टाळावा. अल्कोहोल व टर्पेंटाइनही ज्वालाग्राही असल्याने हीट गन किंवा हेअर ड्रायर बंद करून, पत्रा थंड झाल्यावर आणि मोकळ्या हवेतच हे काम करावे.

निघालेले तुकडे जाळू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई आकारण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी दिला होता.

पट्टा गेला, सावली उरली

सर्व काळजी घेऊनही पट्ट्याच्या जागी त्याची सावली दिसते. ती डाग नसते. पट्ट्याखालील रंग उन्हापासून झाकलेला राहिल्याने मूळ छटेत असतो, तर सभोवतालचा रंग फिका पडलेला असतो. रबिंग कंपाउंड व पॉलिशने भोवतालचा मंद झालेला थर घासल्यास हा फरक कमी होतो. मात्र प्रत्येक घासणीत क्लिअर कोटचा अंश जातो, हे ध्यानात ठेवून ती मर्यादित ठेवावी. फरक फार ठळक असेल, तर त्याच रुंदीचा नवा, चांगल्या प्रतीचा पट्टा लावणे हा कमी खर्चाचा पर्याय आहे.

मोटार विकण्यासाठी ही खटपट करायची असेल, तर आधी कागदपत्रांची स्थिती पाहणे इष्ट. दिल्ली व राजधानी परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी निर्बंध घातले होते. या विषयावर २०२५ मध्ये न्यायालयाचे पुन्हा आदेश झाले असल्याने आपल्या वाहनाची स्थिती परिवहन विभागाकडून जाणून घ्यावी. मोटार महाराष्ट्रात नेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

पट्टा पुन्हा मिळतो, कारखान्यात भाजून पक्का केलेला मूळ रंग पुन्हा मिळत नाही. म्हणूनच एखादा तुकडा निघता निघत नसेल, तर तो त्या दिवशी तसाच राहू देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊब देणे, हाच रंगाच्या दृष्टीने हिताचा मार्ग आहे.